शब्दचर्चा : ख्रिस्ती चित्रांतले ‘अनवाणी’

प्रश्न : चित्रपरिचय लिहिताना येशू, मोशे, देवदूत, संत अशा सगळ्यांपुढे ‘अनवाणी, म्हणजे नम्र’ असं लिहिलं तर चालेल का? आणि ‘अनवाणी पाय’ की ‘उघडे पाय’?

उत्तर : सरसकट नाही चालणार. कोण अनवाणी आहे ते आधी बघा. १३व्या शतकातल्या फ्रेंच शिल्पांत उघडे पाय मान दाखवतात. देव, येशू, देवदूत आणि प्रेषित (येशूचे शिष्य) अनवाणी. येशूची आई मरिया मात्र पायांत काहीतरी घातलेली. तिथे ‘नम्र’ लिहिलंत की अर्थ उलटाच झाला. संत फ्रान्सिसच्या पायांना गरिबी म्हणा, हरकत नाही. पण त्यावरच्या, क्रूसावरच्या येशूसारख्या, खिळ्यांच्या खुणा विसरू नका.

मोशेचं आणखी वेगळं. सिनाईच्या सेंट कॅथरीन मठातल्या ६व्या शतकातल्या मोझेकमध्ये (रंगीत तुकड्यांच्या भित्तिचित्रात) तो, देव ज्यातून बोलतो त्या जळत्या झुडपापुढे वहाणेचा बंद सोडतोय. आपण देवळाच्या पायरीशी चपला काढतो त्याच कारणाने. म्हणून ‘वहाणा काढणारा मोशे’ लिहा, ‘अनवाणी मोशे’ नको.

दुसरं उत्तर : इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं रोमच्या सान्त आगोस्तिनो चर्चमधलं लोरेतोच्या मरियेचं चित्र घ्या. गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे तळवे थेट बघणाऱ्याकडे वळलेले, आणि मळलेले. त्या मळावरूनच तेव्हा गवगवा झाला. इथे ‘अनवाणी’ लिहून मुद्दा निसटतो, ‘मळके तळवे’ हवं. उलट स्पेनमधल्या सेव्हिलचा चित्रकार पाचेको, त्याचा आग्रह असा की मरियेचे पाय झाकलेलेच असावेत.

मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला ज्या चित्रापुढे गर्दी होते, त्यातल्या मरियेच्या कडेवरचं बाळही अनवाणी नाही! एका पायातली वहाण बंदाला लोंबतेय. वर एका देवदूताकडे भाला आणि स्पंज, दुसऱ्याकडे क्रूस आणि खिळे. ही पुढे त्याच्याच क्रूसावरच्या मरणाची साधनं. ती बघून बाळ दचकून आईला बिलगलंय, त्या झटक्यात वहाण सुटली. ‘निसटलेली वहाण’ लिहा. काहीजण बायबलमधल्या रूथच्या पुस्तकातला वहाण काढून व्यवहार पक्का करण्याचा रिवाज इथे जोडतात. तो दुसरा अर्थ म्हणून द्या, पहिला नको.

पहिल्याची पुरवणी : ‘अनवाणी’मध्ये वहाण नसणं आलंच, तेव्हा तो शब्द माणसाला लावा, पायांना ‘उघडे’ पुरे. ‘नग्न पाय’ वाचवत नाही. आणि येशूच्या वहाणांना ‘पादुका’ तर मुळीच नको, वाचकाला दत्ताच्या दिसतात.