मामी फिल्म फेस्टिवलला रीगल धरू की अंधेरी?

डोंबिवली_स्लो:
मंडळी, मामीचा पास पहिल्यांदाच काढतोय. रोज डोंबिवलीहून जा-ये करणार, सुट्टी मिळालीय तीपण रडतखडत. कुलाब्याच्या रीगल थेटरचं नाव खूप ऐकलंय पण ग्रुपवर सगळे म्हणतात अंधेरीच्या मल्टिप्लेक्सला जास्त पिक्चर होतात. यंदाची ठिकाणं लागायचीत अजून, पण दोन्ही असली तर कुठे ठाण मांडू?

पहिली_रांग:
रीगल!! 1933 चं थेटर आहे, हजारावर खुर्च्या, एवढ्या लोकांत एखाद्या सीनला अख्खा हॉल हसतो ना ते दीडशे सीटच्या ऑडीत होतच नाही. तुला तर सोपं, सीएसएमटीला उतर, बस पकड. मधे भूक लागली तर कुलाबा कॉजवे आहेच.

लिंकरोडवाली:
हसतो ते खरं, पण पडदा एकच ना तिथे! पिक्चर फुल्ल झाला किंवा अर्ध्या तासात कळलं की हे काय आपल्याला झेपत नाही, तर मग काय गेटवेची कबुतरं मोजायची? मल्टिप्लेक्सला बाजूच्या स्क्रीनच्या रांगेत घुसता येतं. फेस्टिवलात सगळा खेळ दोन पिक्चरमधल्या वेळेचा असतो, दिग्दर्शक प्रश्नोत्तरांना उभा राहिला की पुढचा शो बोंबलला म्हणून समज. त्यात रीगल ते अंधेरी म्हणजे आधी चर्चगेट गाठा, मग लोकल, मग रिक्षा, दीड तास गेला, म्हणजे एक पिक्चरच गेला की.
तुझ्यासाठी रूट: घाटकोपरला मेट्रो 1, डीएन नगरला उतरून पुलावरून अंधेरी पश्चिम स्टेशन, तिथून मेट्रो 2ए ने एकच स्टेशन लोअर ओशिवरा. इन्फिनिटी मॉलला शो असेल तर तिथून चालत.

पिटातला:
दोघांचंही पटतं पण ठाण वगैरे मांडू नकोस. दिवस वाटून घे, एका दिवशी एकच टोक. जुना, रिस्टोअर केलेला पिक्चर मोठ्या पडद्यावर लागला की तो दिवस साउथ मुंबईला, रीगलला, बाकी नवे कोरियन इराणी जे काय असेल ते अंधेरीत उरकायचे. आणि सबटायटल खाली येतात, पुढे उंच माणूस बसला की संपलं, म्हणून मोठ्या थेटरात बाल्कनी किंवा कडेची सीट. (माझी उंची विचारू नका.)
डॉक्युमेंटरी आवडत असतील तर मिफ हा फेस्टिवल वेगळा, तो एक वर्षाआड असतो, 2024 ला पेडर रोडला एनएफडीसीच्या (सरकारी फिल्म महामंडळाच्या) आवारात झाला होता. तिथेच सिनेमाचं म्युझियम पण आहे, दोन शोमधे वेळ बरा जातो.

डोंबिवली_स्लो:
भारी. पण अंधेरीत रात्रीचा शेवटचा शो धरला तर परत कसं?

लिंकरोडवाली:
शेवटचा शो अंधेरीत धरूच नकोस. मेट्रो चुकली तर घाटकोपरपर्यंत रिक्षाला जे मोजशील त्यात पुढच्या वर्षीचा पास येईल. रात्रीचा बघायचाच तर साउथच्या दिवशी बघ, सीएसएमटीहून गाडी सुटते तिथूनच, बसायला जागा मिळते, डोंबिवलीपर्यंत झोप काढ.

पहिली_रांग:
म्हणजे शेवटी रीगलच 😄