पाच लाखांचं कवच आणि पोराचा दमा

काहीजण विचारतात की महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे, मग मुलांसाठी वेगळं काय हवं? कवच आहे, पण पोर ॲडमिट झाल्यावर, तेही यादीतल्या उपचारांपुरतं. दम्याचा पंप, दवाखान्यात जायचं गाडीभाडं, बुडालेली रोजंदारी हे सगळं बापाच्या खिशातून. आणि पोरांचं दुखणं बहुतेक ओपीडीतलंच असतं.

त्यामानाने २०१३ पासून चालू असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फारसा कुणाला माहीत नसतो. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. तपासणीचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा येतं. वजन, दंडघेर, दात, डोळे बघतात, छातीला स्टेथो लावतात. हृदयात छिद्र असल्याची शंका आली तर जिल्ह्याला पाठवतात, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही मोफत. दुभंगलेला ओठ, वाकडी पावलं हेही त्यात येतं. मात्र पथक आलं तेव्हा पोर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं असलं, की हुकलंच! म्हणून अंगणवाडीताईंना पुढची तारीख विचारून ठेवा. आणि फुले योजनेसाठी बाळाचं नाव रेशनकार्डावर आधीच चढवून घ्या, दवाखान्यातला आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) पहिल्यांदा तेच मागतो.