अमेरिकेत अपघात झाला, आता नागपूरला परत आलोय. क्लेम केला तर पुढच्या वेळी व्हिसाला अडचण येईल का?

त्रिमूर्तीनगरच्या काकू

नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, वय ६३. मुलगी-जावई कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतात. २० मे २०२५ ला आम्ही दोघं तिकडे गेलो. विमानतळावर १९ नोव्हेंबरपर्यंत राहायची परवानगी मिळाली.

२ नोव्हेंबरला जावई गाडी चालवत होते, आम्ही दोघं मागे बसलो होतो. आमचा सिग्नल हिरवा होता आणि सरळ जायचं होतं. समोरून येणारी एक गाडी वळताना थेट ह्यांच्या बाजूच्या दारावर आदळली. ह्यांचं मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं, माझं मनगट. ह्यांचं ऑपरेशन झालं, आत रॉड टाकला. आठ आठवडे विमानात बसायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. मुलीने १४ नोव्हेंबरला मुक्काम वाढवायचा आय-५३९ अर्ज ऑनलाइन भरला. त्यावर काही उत्तर यायच्या आधीच, १८ जानेवारीला, ह्यांना व्हीलचेअरवर घेऊन मी परत आले.

हॉस्पिटलचं बिल १ लाख ३८ हजार डॉलर आहे. जाताना स्वस्त म्हणून घेतलेल्या विम्यात प्रत्येक उपचाराची ठरलेलीच रक्कम मिळते. त्यातून २१ हजार मिळाले. समोरच्या गाडीची विमा कंपनी ३० हजार डॉलर देते म्हणते आणि सही करून कागद परत पाठवा म्हणून रात्री अकराला फोन करून राहिली. जावई म्हणतात वकील करा. माझे मोठे दीर म्हणतात, क्लेम म्हणजे जावयालाच कोर्टात उभं करणं, आणि अमेरिकेवर केस केली की नाव काळ्या यादीत जातं.

मुलीची डिलिव्हरी ऑगस्टमध्ये आहे. ती दोन महिने माझं अंथरूण-पांघरूण करत होती. तिच्या बाळंतपणाला मला जायचंच आहे. पैसे बुडाले तरी चालतील, पण माझं जाणं अडू नये. सही करून मोकळी होऊ का?

सनीव्हेल, मूळचा प्रतापनगर

काकू, आधी एवढंच ऐका. त्या कागदावर सही करू नका. तो रिलीज असतो. सही झाली की त्या ड्रायव्हरकडून आणि त्याच्या कंपनीकडून पुढे काहीही मागता येत नाही, उद्या काकांचा रॉड काढावा लागला तरी.

३० हजार हा आकडा कुठून आला तेही सांगतो. कॅलिफोर्नियात गाडीच्या विम्याची किमान मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून एका जखमी माणसामागे ३० हजार आणि एका अपघातामागे ६० हजार डॉलर झाली. त्याआधी ती १५ आणि ३० होती. त्या माणसाकडे बहुधा किमान पॉलिसीच असावी. म्हणजे कंपनी उदार झालेली नाही, तिची मर्यादाच तेवढी आहे. ते ३० हजार काकांचे एकट्याचे की तुमच्या मनगटासकट, हे लेखी विचारायला लावा.

आता जावयाच्या गाडीची पॉलिसी काढा. तिच्यात दोन कलमं शोधा. एक मेडिकल पेमेंट्स, त्यात चूक कोणाची हे न बघता गाडीतल्या माणसांचा खर्च मिळतो. दुसरं अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट. समोरच्याचा विमा अपुरा पडला तर उरलेलं इथून मिळतं. समजा या दुसऱ्या कलमाची मर्यादा १ लाख असेल, तर समोरच्याचे ३० हजार वजा जाऊन ७० हजारांपर्यंत. पण समोरच्याची मर्यादा पूर्ण वसूल झाल्याशिवाय हे सुरू होत नाही, आणि कोणत्या कागदावर कधी सही करायची याचा क्रम चुकला तर घोळ होतो. वकील त्यासाठीच हवा. इथे अपघाताचे वकील आधी फी घेत नाहीत, मिळालेल्या रकमेतून साधारण एक तृतीयांश घेतात. स्टेट बार म्हणजे तिथल्या वकिलांना परवाना देणारी संस्था, तिच्या साइटवर त्याचं लायसन्स चालू आहे का ते पाहून घ्या.

दिरांना सांगा, हा जावयावर दावा नाही. जावई दरमहा ज्यासाठी हप्ता भरतो तेच मागायचं आहे.

आणि हॉस्पिटलकडे आर्थिक मदतीचा अर्ज करा. विमा नसलेल्या किंवा बिल फार जड झालेल्या, कमी उत्पन्नाच्या रुग्णांना सवलत देणं कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांना कायद्याने बंधनकारक आहे. पेन्शनचे कागद जोडा.

न्यूजर्सीतली मावशी

व्हिसाचं मी सांगते, कारण माझ्या आईच्या वेळी मी हे सगळं केलंय.

क्लेम ही विमा कंपनीशी असलेली दिवाणी बाब. इमिग्रेशन खात्याचा त्याच्याशी संबंध नाही आणि अशी काळी यादीही नाही. जखमी माणूस व्हिजिटर आहे की आणखी कोणी, याने भरपाईचा हक्क जात नाही. कॅलिफोर्नियात तर २०१७ पासून अशा खटल्यात इमिग्रेशनची स्थिती पुरावा म्हणून आणताच येत नाही.

तुमचा खरा प्रश्न १९ नोव्हेंबर ते १८ जानेवारी हे ६० दिवस. आय-९४ वरची, म्हणजे विमानतळावर मिळालेल्या मुक्कामाच्या परवानगीवरची, तारीख ओलांडली की व्हिसा आपोआप रद्द होतो, असा नियम आहे. पण तुमचा अर्ज मुदतीच्या आत गेला, कारण खरं होतं आणि निर्णय यायच्या आधी तुम्ही निघालात, म्हणून तो नियम तुम्हाला लागत नाही. तीन वर्षांची बंदी १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहिल्यावर लागते, दहा वर्षांची एक वर्ष झाल्यावर. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही.

ऑगस्टमध्ये विमानतळावरचा अधिकारी विचारणारच, मागच्या वेळी आठ महिने का राहिलात. अर्जाची पावती, डॉक्टरांचं न-उडण्याचं पत्र, पोलीस रिपोर्ट आणि बिलं कशी भागली याचे कागद हातातल्या पर्समध्ये ठेवा, बॅगेत नको. परतीचं तिकीट लवकरच्या तारखेचं काढा.

सदरमधला वकील

काकू, मी इथल्या मोटार अपघात दाव्यांचं काम करतो. नागपूरच्या न्यायाधिकरणात हा दावा चालणार नाही. अपघात तिकडचा, कायदाही तिकडचा, म्हणून कॅलिफोर्नियाचाच वकील घ्या. इथून मात्र एक काम तुम्हीच करायचं आहे. धंतोलीत जिथे फिजिओथेरपी चालू आहे तिथलं प्रत्येक बिल, औषधाची प्रत्येक चिठ्ठी, वॉकरची पावती जपून ठेवा. काकांना रात्रीतून किती वेळा उठवावं लागतं, हेही रोज तारखेसकट वहीत लिहा. भारतातला उपचारही नुकसानीत धरला जातो. मुलीला मुखत्यारपत्र द्यायचं तर नोटरी आणि अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, लागेल. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, म्हणून तो कागद तिकडे चालतो.

मनीषनगर ४४००१५

मुदतीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या सासऱ्यांना तिकडे एका शहराच्या सरकारी बसने धडक दिली होती. दोन वर्षं असतात म्हणून आम्ही निवांत होतो. सरकारी गाडी असेल तर कॅलिफोर्नियात सहा महिन्यांत लेखी दावा द्यावा लागतो, हे आठव्या महिन्यात कळलं. त्यांचा पाय आजही नीट वाकत नाही. तुमची खासगी गाडी आहे, म्हणजे २ नोव्हेंबर २०२७ पर्यंत वेळ आहे. तरी ती गाडी खरंच कोणाच्या नावावर आहे, हे पोलीस रिपोर्टमध्ये आजच पाहा.

त्रिमूर्तीनगरच्या काकू

सगळ्यांचे आभार. मुलीने आत्ता रिपोर्ट पाहिला, गाडी खासगीच आहे. जावयांच्या पॉलिसीत तुम्ही म्हणता ते कलम आहे, १ लाखाचं. मेडिकल पेमेंट्स ५ हजार. रात्री पुन्हा फोन आला होता. मी सांगितलं, आता वकिलाशी बोला. दिरांना हा सगळा धागा वाचून दाखवला. ते ह्यांच्यासाठी वही घेऊन आलेत, पहिल्या पानावर आजची तारीख त्यांनीच घातली.