बॅन्शी म्हणजे हडळ का?

प्रश्न : बहिणीने भविष्य बघायच्या ओरॅकल कार्डांच्या कॅटमधून एक पत्ता ओढला. करड्या झग्यातली बाई, पांढरे मोकळे केस, हातात फणी, खाली नाव 'बॅन्शी'. तिने अर्थ विचारला, मी पटकन 'हडळ' म्हणून गेले आणि तिचा चेहराच उतरला. बाबा सध्या आजारी आहेत. हा शब्द बरोबर आहे का? नसेल तर मराठीत काय म्हणावं?

उत्तर : हडळ नका म्हणू. हडळ माणसाला धरते, झपाटते. बॅन्शी कोणाच्या अंगाला हात लावत नाही. घरात मृत्यू व्हायचा असेल तर ती आधी येऊन रडते, एवढंच तिचं काम.

शब्द आयर्लंडचा. आयरिशमध्ये 'बॅन' म्हणजे बाई आणि 'शी' म्हणजे टेकाड. गवताने झाकलेलं, बहुतेकदा आत पुरातन थडगं असलेलं. न्यूग्रेंजचं पाच हजार वर्षांपूर्वीचं थडगं अशाच टेकाडांपैकी. त्यांच्या पोटात राहणारे अदृश्य लोकही पुढे 'शी'च झाले. म्हणजे बॅन्शी ही 'टेकाडावरची बाई'. गंमत बघा, 'बॅन' हा वेदातल्या 'जनि' आणि 'ग्ना' (स्त्री) यांचा सख्खा भाऊबंद आहे, आणि 'शी'चं मूळ 'बसणे' या अर्थाच्या त्याच धातूत मानतात ज्यातून आपलं 'सदन' आलं. इंग्रजी पुस्तकं तिला 'फेअरी'त घालतात, म्हणून मराठीत ती 'परी' होते. पण आपली परी फारसीतून पंख घेऊन आली. या बाईला पंख नाहीत.

ती वाटेल त्या दारात रडत नाही. ओ'ब्रायन, ओ'नील अशा जुन्या गेलिक (मूळ आयरिश) घराण्यांमागे ती असते, कुळाची असल्यासारखी. ओ'ब्रायनांची ईवल, क्लेअर परगण्यात किलालूजवळच्या खडकावरची. 1014 मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईच्या आदल्या रात्री तिने राजा ब्रायन बोरूला त्याचं मरण सांगितलं, अशी कथा आहे. राजा त्या लढाईत पडला.

तिचं रडणं कुठून आलं, ते आपल्याला सहज कळेल. आयर्लंडच्या खेड्यात मयताजवळ बाया सुरात, शब्द जुळवून रडायच्या. त्याला 'कीनिंग' म्हणतात. आपल्याकडे याला नेमका शब्दप्रयोग आहे: हेल काढून रडणे. माझ्या लहानपणी शेजारच्या आजी गेल्या तेव्हा त्यांची बहीण उंबऱ्यात बसून 'माझ्या सोबतिणी गंऽऽ' असा हेल काढत होती. मधेच थांबून पदराने नाक पुसायची आणि त्याच सुरात पुढचं वाक्य उचलायची. बॅन्शी म्हटलं की मला ती बहीण दिसते.

फणीबद्दल : वाटेत पडलेली फणी उचलू नये, असं तिकडे मुलांना बजावतात. कोणी उचलली तर रात्री बॅन्शी खिडकीशी येऊन आक्रोश करते. मग फणी चुलीच्या चिमट्यात धरून बाहेर द्यायची. चिमटा आत येतो तो वाकलेला.

आता पत्त्याचा अर्थ. टॅरो या भविष्याच्या दुसऱ्या कॅटमधले 78 पत्ते ठरलेले असतात, ओरॅकलमध्ये संख्या आणि अर्थ दोन्ही करणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून मी लोककथेकडे जाते, आणि तिथे बॅन्शी मरण आणत नाही, आपल्या माणसांसाठी रडते. मी तो पत्ता 'मनात दाटलेलं रडू बाहेर येऊ दे' असा वाचेन. वडिलांच्या तब्येतीचं मात्र डॉक्टर सांगतील तेच खरं धरा. पत्ता त्यातलं काही सांगू शकत नाही.

दुसऱ्या एका वाचकाचं मत : 'आसरा' कसा वाटतो? विहिरीवरच्या साती आसरा, अप्सरेवरून आलेला शब्द. माणसाजवळची, माणसाची नव्हे.

उत्तर : हडळीपेक्षा हा नक्कीच जवळचा. पण आसरा पाण्याची, आणि तिला मान दिला नाही तर ती बाधते. बॅन्शीला नैवेद्य नाही, कोप नाही. मी नाव 'बॅन्शी'च ठेवेन आणि पुढे 'टेकाडावरची रडणारी' असं जोडेन.

मूळ प्रश्नकर्ती : 'रडणारी' सध्या नको, बाबा बाजूच्याच खोलीत असतात. 'टेकाडावरची बाई' घेते. बहिणीने पत्त्याच्या मागे पेन्सिलीने तसं लिहूनही ठेवलं.