एकाच वाटेचे गेम खरंच चांगले, की मीच आळशी?

देवगडचो_झील:
नमस्कार मंडळी. लॅपटॉपला जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. मोबाईलचं रोजचं २ जीबी नेट, आणि पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही. ओपन वर्ल्डमध्ये, म्हणजे हवं तिकडे फिरायच्या मोकळ्या गेममध्ये, नकाशाभर खुणा दिसल्या की खेळावंसंच वाटत नाही. सरळ रेषेत जाऊन संपणाऱ्या गेममध्ये एवढं काय असतं? आणि सुरुवात कुठून करू?

खाडीकाठ:
आळसाचा संबंध नाही. वाट एकच असली की या घडीला तुमच्या हातात कोणतं हत्यार आहे, तुम्हाला काय काय येतं, हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. आंबा घाटात दरी कुठल्या वळणावर दिसायची ते रस्ताच ठरवतो, तसं.

'हाफ-लाइफ २' (२००४) मधलं रेव्हनहोम हे गाव बघा. वस्तू ओढून फेकणारी ग्रॅव्हिटी गन मिळाली की आधी डॉग नावाच्या रोबोबरोबर झेलाझेली, म्हणजे सराव. मग रेव्हनहोममध्ये शिरताच रुतलेली करवतीची पाती आणि कापला गेलेला झॉम्बी. पातं ओढून घेतलंत की पुढचा झॉम्बी हजर! एक ओळही न लिहिता शिकवणी झाली.

ओपन वर्ल्डमध्ये तुम्ही कुठून, किती ताकदीने याल याचा पत्ता नसतो. म्हणून बरेचदा शत्रूंची ताकदच तुमच्या ताकदीबरोबर वाढवतात. 'ओब्लिव्हियन' (२००६) मध्ये त्यापायी रस्त्यावरचे लुटारूही पुढे पुढे महागड्या काचेच्या चिलखतात फिरतात आणि मागतात काय, तर शंभर नाणी.

केबलवाला_कुडाळ:
तुमच्या मशीनचं बोलू. ओपन वर्ल्ड चालताना डिस्कवरून सतत माल ओढत असतं, साध्या हार्ड डिस्कवर त्याचे झटके बसतात. रेषेतला गेम पुढचा भाग लिफ्टमध्ये नाहीतर अरुंद फटीतून जाताना गुपचूप लोड करतो.

ओपन वर्ल्डवाल्या 'रेड डेड रिडेम्पशन २' ला १५० जीबी लागतात, तुमच्या नेटवर अडीच महिने. रेषेतल्या 'पोर्टल २' ला ८, 'इनसाइड' ला ३, 'लिंबो' तर १५० एमबी. यातूनच सुरू करा.

मित्राकडून गेम आणायचा तर स्टीमच्या (गेम विकणारं, चालवणारं ॲप) बॅकअपने घ्या. पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा, फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. गेम तुमच्या खात्यावर विकत घेतलेला हवाच. नेट असताना एकदा उघडून बघा, मगच ऑफलाइन मोडला जा.

वीज गेली की बॅटरीवर फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी होतात, ३० ला बांधून ठेवा. 'हाफ-लाइफ २' मध्ये एफ६ ने सेव्ह, एफ९ ने लोड. बोटाला सवयच लावा.

गजालीखोर:
माका अर्धाच पटला. रेषेतल्या कित्येक गेममध्ये पुढे चालायची कळ दाबून धरायची आणि सिनेमा बघायचा, एवढंच काम उरतं. दुसऱ्यांदा खेळायला त्यात काही नसतं.

पण 'टायटनफॉल २' (२०१६) त्यातला नव्हे. 'इफेक्ट अँड कॉज' या लेव्हलला (टप्प्याला) मनगटावरच्या यंत्राने दोन काळांत उड्या मारायच्या; एका काळात भिंत, दुसऱ्यात वाट. लेव्हल संपली की यंत्र काढून घेतात. ओपन वर्ल्डवाल्यांनी हेच पन्नास ठिकाणी वापरून चोथा केला असता. मात्र ४५ जीबी, आणि ईए या कंपनीचं वेगळं ॲप मागतो, तेव्हा नेट धड असेल तेव्हाच त्याच्या वाटेला जा.

देवगडचो_झील:
'पोर्टल २' लावला. वीज मधेच गेली तर डाउनलोड पहिल्यापासून?

केबलवाला_कुडाळ:
नाही, स्टीम थांबलं तिथूनच पुढे घेतं. फाइल बिघडल्याची शंका आली तर स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधून व्हेरिफाय (फाइलींची तपासणी) करा, खराब तुकडे तेवढेच परत उतरतात.