भाड्याच्या खोलीसाठी आधारचा फोटो आणि अंगठा: कितपत द्यावं?

मिहानवाला:
हिंगणा एमआयडीसीत नोकरी लागली, त्रिमूर्तीनगरात खोली पाहिली आहे. घरमालक म्हणतात, पोलीस व्हेरिफिकेशनला लागतात म्हणून आधारच्या दोन्ही बाजूंचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका. ॲग्रीमेंटच्या ऑनलाइन नोंदणीसाठी एजंटला अंगठाही हवाय. कार्ड २०१४ चं आहे. नंबर खोडून फोटो पाठवला तर चालेल का? बायोमेट्रिक लॉक आहे (आधारवर माझा ठसा कुणी वापरू नये म्हणून लावलेलं), त्याची अडचण येईल का?

बर्डीकर:
नुसतं खोडून भागत नाही. इतक्या जुन्या कार्डाच्या क्यूआर कोडमध्ये पूर्ण १२ अंकी नंबर उघडा असतो, कुठलंही साधं स्कॅनर ॲप तो वाचतं. नंबर मागच्या बाजूलाही असतो, तो लोक हमखास विसरतात. आणि फोनमधल्या हायलायटरने खोडलं असेल तर ब्राइटनेस वाढवला की अंक परत दिसतात.

मास्क्ड आधार, म्हणजे नंबराचे शेवटचे ४ अंकच दिसणारं आधार, काढा. मायआधार या आधारच्या अधिकृत साइटवर ओटीपीने लॉगिन करून 'डाउनलोड आधार'मध्ये मास्क्डच्या चौकोनात टिक करा. टिक करायची राहिली की पूर्ण नंबरवालीच पीडीएफ उतरते, म्हणून पाठवण्याआधी उघडून बघाच: पहिल्या ८ अंकांच्या जागी फुल्या हव्यात. पासवर्ड म्हणजे नावाच्या इंग्रजी स्पेलिंगची पहिली ४ अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. यावरच्या नव्या क्यूआरमध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो येतो, नंबराचे मात्र शेवटचे ४ अंकच. घरमालकांना खात्री करायला तेवढं पुरतं.

प्रिंटवर 'फक्त त्रिमूर्तीनगर येथील भाडेकरारासाठी' असं लिहून तारीख टाका, सही अर्धी फोटोवर येऊ द्या. आणि कृपा करून ती पीडीएफ झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवू नका. दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये शेकडो लोकांची आधार कार्डं तशीच पडलेली असतात. पाठवावीच लागली तर प्रिंट निघताच फाइल आणि चॅट समोर उभं राहून डिलीट करून घ्या, रिसायकल बिनमधूनसुद्धा.

वैनगंगा:
अंगठ्याचं सांगते. लॉक असताना मशीनवर ३३० नंबरचा एरर येतो. एजंट 'सर्व्हर डाउन आहे' म्हणत बोट पुन्हापुन्हा दाबायला लावतात, त्याने काही होत नाही. आधारच्या अधिकृत ॲपमधून तात्पुरतं अनलॉक करा. १० मिनिटांनी ते आपोआप परत लॉक होतं. त्यामुळे कराराचा मसुदा वाचून झाला, मशीन जोडलं, की मगच अनलॉक करायचं. लॉक कायमचं काढू नका.

हा जाच वाटेल, पण एईपीएसमध्ये, म्हणजे आधारवरून बँकेतले पैसे काढायच्या सोयीत, आधार नंबर, बँकेचं नाव आणि ठसा एवढ्यावर पैसे निघतात, ओटीपी लागतच नाही. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवल्याची प्रकरणं देशात उघडकीला आली आहेत.

नोंदणी झाली की मायआधारवर ऑथेंटिकेशन हिस्ट्री बघा. गेल्या ६ महिन्यांतली प्रत्येक पडताळणी तारीख-वेळेसह दिसते. अनोळखी नोंद असेल तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनला कळवा. पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० आणि त्याच दिवशी बँकेला लेखी तक्रार, पोच घेऊन. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकरणात बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजी दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे नुकसान तुमच्या माथी येत नाही.

मिहानवाला:
मालक पूर्ण नंबरावरच अडून बसले तर?

बर्डीकर:
वाहन परवाना किंवा पासपोर्ट पुढे करा, भाडेकरूची ओळख त्यानेही पटते. भांडण नको, नीट समजावून सांगा. बहुतेक मालकांना केवळ पोलिसांची धास्ती असते. करार नोंदवायची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मालकावरच आहे, तेव्हा नोंदणीची घाई त्यांनाही असतेच.

जुने फोटो आधीच कुणाकुणाकडे गेले असतील, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी या साइटवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते आजच बघा. अनोळखी नंबर दिसला की त्यावर खूण करून 'हा माझा नंबर नाही' निवडा आणि मिळालेला रेफरन्स नंबर जपून ठेवा.