गाभण डुकरिणी गाभडल्या, आता मोठी जनावरंही जातायत. पीआरआरएसचा (डुकरांत गर्भपात नि श्वासाचा त्रास करणारा विषाणूचा आजार) जहाल प्रकार असेल का? मदत हवी आहे

तेरेखोल_काठ:
नमस्कार मंडळी, बांद्याजवळ आमचं छोटं वराहपालन आहे, यॉर्कशायर जातीची डुकरं, माल बहुतेक गोव्याला जातो. मध्यंतरी शेवटच्या दिवसांतल्या गाभण डुकरिणी गाभडल्या, काही पिल्लं मेलेली, काही काळपट सुकून गेलेली, आणि जी जिवंत आली त्यांच्यात सडाला तोंड लावायचीही ताकद नव्हती. मग दूध तोडलेल्या पिल्लांना धाप लागली, पोट भात्यासारखं हलतं, ताप 106 च्या घरात, कानाच्या कडा जांभळ्या. इथवर मला वाटलं पीआरआरएस, कारण स्वाइन फिव्हरची लस सगळ्यांना वेळेवर दिलीय. पण मी जे वाचलं त्यात मोठं जनावर चार दिवस सुस्त राहतं नि सावरतं असं होतं, आणि इथे तर चांगली धडधाकट डुकरं पेजेला तोंड न लावता एकमेकांवर ढीग करून पडतात नि दोन-तीन दिवसांत संपतात. चीनमध्ये 2006 साली असाच जहाल प्रकार आला होता म्हणतात. एकाच विषाणूत एवढा फरक कसा? आणि व्यापारी मागे लागलाय की उभी आहेत ती विकून मोकळा हो. मला ते बिलकुल पटत नाहीये, दुसऱ्याच्या शेडात आग कशाला लावू? प्लीज जाणकारांनी सांगा.

पशुवैद्य_कुडाळ:
विकू नका दादा, एकही नको. हा विषाणू फुफ्फुसातल्या जंतू खाणाऱ्या पेशींमध्येच शिरून वाढतो. साध्या प्रकारात त्या पेशी थोड्या मरतात, जनावर तग धरतं. जहाल प्रकार फार जोरात वाढतो, रक्तात विषाणू खूप जास्त असतो, ताप चढतो, लहान जनावरांची थायमस ग्रंथी आक्रसते, म्हणजे प्रतिकारशक्तीच ढासळते. मग स्ट्रेप्टोकॉकस, पाश्चुरेला असले जिवाणू घुसतात आणि न्यूमोनियाने जनावर जातं. अँटिबायोटिक या जिवाणूंपुरतं, विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही. भारतात पीआरआरएस पहिल्यांदा 2013 मध्ये मिझोराममध्ये सापडला.
पण नुसतं बघून पीआरआरएस धरून चालू नका. मोठी जनावरं पटापट जातायत म्हटल्यावर मला आधी आफ्रिकन स्वाइन फिव्हरची शंका येते, 2020 पासून तो देशात आहे आणि तुम्ही दिलेली लस त्याला लागू पडत नाही. पीआरआरएस, साधा स्वाइन फिव्हर आणि आफ्रिकन, तिन्ही आजारांत ताप, जांभळे कान सारखेच दिसतात. आजच तालुक्याच्या दवाखान्यात कळवा, तापातल्या जनावराचं रक्त आणि मेलेल्याचे टॉन्सिल, फुफ्फुस, प्लीहा यांचे नमुने बर्फात जायला हवेत, पक्कं निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत होतं. स्वतः जनावर फाडू नका.

वेंगुर्ल्याची_मेघा:
दादा, हॉटेलचं उरलेलं घालत असाल तर आधी बंद करा, आफ्रिकन फिव्हर डुकराच्या मटणातून येतो. आजाऱ्यांकडे जाणारा माणूस वेगळा, त्याचे गमबूट वेगळे. मेलेली व्हाळात टाकू नका, विहिरीपासून लांब खोल खड्डा काढून चुना घालून पुरा. आमच्याकडे पावसात शेड सुकतच नाही, आणि पीआरआरएसचा विषाणू ओल्या थंड हवेत जास्त टिकतो, म्हणून धुतल्यावर वाळवणं महत्त्वाचं.

तेरेखोल_काठ:
थँक्यू डॉक्टर, थँक्यू ताई. दवाखान्यातून डॉक्टर आले, नमुने गेले, विक्री बंद केलीय. घरात लहान मुलं आहेत, त्यांना धोका आहे का? आणि यातून वाचलेली डुकरं पुढे ठेवावी का?

पशुवैद्य_कुडाळ:
पीआरआरएस किंवा हे दोन्ही फिव्हर माणसाला होत नाहीत. पण साधा स्वाइन फ्लू आणि स्ट्रेप्टोकॉकसचा एक प्रकार माणसाला होऊ शकतो, त्यामुळे मुलांना शेडात सोडू नका नि हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. वाचलेल्यांचं रिपोर्टवर ठरेल. आफ्रिकन निघाला तर सरकारी नियमाप्रमाणे बाकीचीही मारावी लागतील, भरपाईचं त्याच वेळी विचारून घ्या. पीआरआरएस निघाला तर वाचलेल्यांच्या टॉन्सिलमध्ये विषाणू कित्येक महिने राहतो, नराच्या वीर्यातूनही जातो, म्हणून नर बाहेर देऊ नका आणि इतक्यात नवी पिल्लं आणू नका. रिपोर्ट आला की इथेच टाका.